लेबलावरचा शेवटचा रकाना

डहाणू रोड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात त्या सकाळी भांडण जुंपलं होतं. पण भांडणारा माणूस इतक्या हळू आवाजात भांडत होता, की त्याची बाजूसुद्धा काउंटरमागच्या चुरीबाबूंनाच मोठ्याने मांडावी लागत होती.

"म्हणजे तुमचं म्हणणं, पोतं गळत नाही, नुसतं ओलं आहे!"

"हो... थोडंसंच."

"आणि वास येतोय बोंबलाचा, पण आत बोंबील नाही!"

"नाही ना. एसटीत शेजारी धाकट्या डहाणूच्या कोळीण मावशी बसल्या होत्या. त्यांची पाटी रिकामी होती, पण पाणी होतं तिच्यात... आत नुसती साल आहे. झाडाची."

"मुंबईला झाडाची साल! अहो, चिकू पाठवा, मिरच्या पाठवा, माणूस समजू शकतो."

चुरीबाबूंची मुलगी वसुमती त्यांचा डबा घेऊन आली होती आणि मागच्या स्टुलावर बसून हसू दाबत होती. 'साल' हा शब्द कानावर पडला आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं. ती उठून काउंटरपाशी आली. पोत्याला बांधलेलं लेबल तिने उलटून पाहिलं... आणि ते उजेडाकडे वळवलं.

हे अक्षर! गोल, सुटं, ओळीवर नीट मांडी घालून बसलेलं. गेलं वर्षभर हे अक्षर तिच्या टेबलावर येत होतं. ज्या माणसाला शोधायला ती उद्या तलासरीला जाणार होती, तो माणूस बोंबलाच्या वासासकट तिच्या वडिलांपुढे उभा होता.

"तुम्ही द. वरठा?"

त्याने मान वर केली. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. सावळा, काटक, शर्टाच्या खिशाला एक लाल आणि एक निळं अशी दोन पेनं. वसुमतीने मनात एक धोतरातला, चष्मेवाला, रिटायर व्हायला आलेला मास्तर रंगवून ठेवला होता. तो म्हातारा त्या क्षणी कुठल्या कुठे पसार झाला.

"हो... दशरथ वरठा. आपण?"

"मी व. चुरी."

त्याने लेबलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा लेबलाकडे. लेबलावर त्याच्याच हातचं, ठळक, खाली रेघ ओढलेलं लिहिलं होतं — 'मा. श्री. व. चुरी साहेब यांस.'

"साहेब..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं, आणि तो कानापर्यंत लाल झाला. सावळा माणूस लाजला तर कळत नाही म्हणतात. साफ खोटं आहे. कळतं.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली. वसुमती तेव्हा मुंबईत कर्करोगावर संशोधन करत होती. म्हणजे झाडापाल्यातून जे निघतं त्यात थोडाफार बदल करून त्याचं औषध होईल का, ते बघत होती. तिच्या प्रयोगशाळेने गावोगावच्या विज्ञानशिक्षकांना पत्रं धाडली होती. तुमच्याकडे लोक कुठली झाडं औषधाला वापरतात, ते नमुन्यासह कळवा. तीनशे पत्रांना अकरा उत्तरं आली, आणि त्यातलं एक तलासरीपलीकडच्या आश्रमशाळेतल्या दशरथ वरठाचं होतं. पाड्यावरचाच मुलगा, शिकून तिथेच मास्तर झालेला.

त्याने साल पाठवली ती एका झाडाची. त्या झाडाचं पुस्तकी नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर उद्या कुणीतरी कोयता घेऊन निघेल. पाड्यावर त्याला 'म्हातारी' म्हणतात, कारण त्याच्या सालीला सुरकुत्या असतात. तेवढं पुरे.

सुरुवातीची पोती एसटीच्या पार्सलने यायची. पहिलं आलं त्र्याण्णवच्या मार्चमध्ये. वसुमतीने सालीचा अर्क काढला, बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर टाकला, आणि दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो तिला काढवेना. निम्म्याहून जास्त पेशी मेलेल्या. शेजारच्या बशीतल्या निरोगी पेशी मात्र मजेत. तिने ते तीनदा करून पाहिलं. मग साल संपली.

आणि त्यानंतर... काहीच नाही. दुसरं पोतं, तिसरं, चौथं. झाड तेच, पाडा तोच, अक्षर तेच. पण पेशींना ढिम्म काही होईना. हळूहळू कुजबुज सुरू झाली. एकजण तर चहा ढवळत म्हणाला, "पहिला आलेख हातानेच काढलेला दिसतोय." वसुमतीच्या मार्गदर्शक तळपदेबाई न्यायी होत्या, पण न्यायी माणसंही तारीख देतात. "मार्चअखेर," त्या म्हणाल्या. "तोवर निकाल पुन्हा आला तर काम तुझं. नाही आला तर पहिल्या निकालाचा अहवाल मागे घ्यायचा. मग लोक तुला काय म्हणतील, ते मला थांबवता येणार नाही."

लोक काय म्हणतील ते वसुमतीला ठाऊक होतं. खोटारडी म्हणतील. पीएच.डी. हुकली तर माणूस दुसरं काही करतो. खोटारडेपणाचा शिक्का बसला तर दुसरं काही करायलाही कुणी उभं करत नाही.

म्हणून पार्सल ऑफिसच्या दारातच तिने दशरथला विचारलं, "त्या पहिल्या पोत्याला तुम्ही काही वेगळं केलं होतं का? आठवून सांगा."

"...नाही," तो म्हणाला.

त्या उत्तराआधी तो जरासा अडखळला होता. वसुमतीला ते ऐकू आलं नाही, कारण ती तेव्हा त्याच्या पापण्या बघत होती. दोष दोघांचाही आहे.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या फेऱ्या सुरू झाल्या. सकाळची एसटी पकडून तलासरी, आणि तिथून पाड्यापर्यंत दशरथबरोबर पायी. वाट पळसाच्या झाडांमधून जायची. पळस फुलले होते, आणि पायाखालची पानं चुरचुरत होती. पहिल्या दिवशी दोघं चार हात अंतर ठेवून चालले. चौथ्या दिवशी किती अंतर होतं ते कुणी मोजलं नाही.

साल काढायची ती दशरथच्या आईने, नवशीने. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. नवशी आधी झाडाच्या बुंध्याशी तांदळाचे चार दाणे ठेवायची, मग उगवतीच्या बाजूने तळहाताएवढ्या रुंदीचा लांबलचक पट्टा काढायची आणि जखमेवर शेणमाती लिंपायची. त्या झाडाला पुढे तीन वर्षं हात लावायचा नाही, हा नेम.

"म्हणून प्रत्येक पोतं वेगळ्या झाडाचं," दशरथ म्हणाला. "माझ्याकडे वही आहे. कुठल्या झाडाची कधी काढली, सगळं लिहिलेलं."

"तुम्ही सगळंच लिहून ठेवता?"

"जवळजवळ."

"मग आज माझ्याबद्दल काय लिहाल?"

तो विचारात पडला. "जागा — पळसाखाली. वेळ — सकाळी साडेनऊ. शेरा —" आणि थांबला.

"शेरा?"

"तपासणी चालू आहे."

वसुमती पुढे चालू लागली. तिचं हसू त्याला दिसू नये म्हणून तिने बरंच अंतर काटलं.

दुपारी शाळेच्या विज्ञानखोलीत तपासणी चालायची. खोलीत एक कपाट, एक हाडांचा तक्ता, आणि भिंतीवर दशरथच्याच गोल अक्षरातला फलक — 'ताडी-दारू बंद, तर घरात आनंद.' खाली सही: सचिव, व्यसनमुक्ती समिती. वसुमतीने मुंबईहून पांढरा लेप दिलेल्या काचेच्या पट्ट्या आणल्या होत्या. पट्टीच्या तळाशी अर्काचा थेंब लावायचा, पट्टी द्रावात उभी करायची. द्राव वर चढताना थेंबातल्या वेगवेगळ्या पदार्थांना वेगवेगळ्या उंचीवर नेऊन ठेवतो. ते डोळ्यांना दिसत नाहीत. पण आयोडीनचे खडे टाकलेल्या बरणीत पट्टी ठेवली, की जांभळ्या वाफेत एकेक तपकिरी डाग उमटायला लागतो. बरणी लोणच्याची होती. लोणचं संपवायला दशरथने मदत केली होती.

"पहिल्या पोत्यात तीन डाग होते," वसुमतीने आपली वही उघडून दाखवलं. "खालचे दोन नेहमीचे, निरुपयोगी. हा वरचा तिसरा... पेशींना मारणारा हा. तो पुन्हा कधी आलाच नाही."

आजही आला नाही. उद्याही आला नाही. सकाळी काढलेली साल, संध्याकाळी काढलेली, कोवळी, जून... दर वेळी दोघं बरणीवर ओणवून बघत राहायचे, डोक्याला डोकं लागेल इतके जवळ, आणि दर वेळी खाली दोनच डाग.

"आणि तिसरा सापडला तर त्याचं औषध होणार?" एकदा त्याने विचारलं.

"लगेच नाही हो. झाड आपल्यासाठी थोडंच करतं काही? ते स्वतःसाठी करतं. तो पदार्थ पाण्यात विरघळत नाही, आणि रक्त म्हणजे बरंचसं पाणीच. मग त्याला एक तुकडा जोडायचा, पाण्याशी जमवून घेणारा. कुठे एक काढायचा, कुठे एक लावायचा, आणि मधल्या गाभ्याला धक्का लागू द्यायचा नाही. सगळी कसोटी तीच."

दशरथने बरणीचं झाकण लावलं. मग म्हणाला, "मी पहिलीच्या पोरांना हेच करतो. बोली त्यांची त्यांच्याजवळ ठेवायची, वर पुस्तकातलं थोडंसं जोडून द्यायचं. बाजारात, कचेरीत विरघळावीत म्हणून. पण गाभ्याला..." त्याने मान हलवली. "कठीण असतं."

वसुमतीने त्याच्याकडे पाहिलं. सहा वर्षं ती हे काम करत होती. तिच्या कामाचा अर्थ कुणी असा तिच्याच हातात आणून ठेवला नव्हता. आपण या माणसाच्या प्रेमात पडत आहोत, हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं. पडायचं तर मार्चअखेरनंतर तरी पडायचं, असंही तिला वाटलं. पण ते काय आपल्या हातात असतं?

मार्चचा दुसरा आठवडा उजाडला. शेवटच्या झाडाची सालही फुकट गेली. त्या रविवारी दोघं चिखल्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली बसले होते. ढग भरून आले होते आणि मध्येच अवकाळी पावसाचे चार थेंब वाळूत पडून नाहीसे होत होते. वसुमती सुरूची एकेक काडी मोडत बसली होती.

"एवढं काय झालं?" दशरथ म्हणाला. "हे नाही तर दुसरं झाड शोधू. मी आहे ना."

"दुसरं झाड नाही चालणार." आणि मग, आजवर त्याला न सांगितलेलं तिने सांगून टाकलं. तो चहा ढवळणारा माणूस, हाताने काढलेला आलेख, तळपदेबाईंची तारीख. "पंधरा दिवस उरले, मास्तर. मग मी खोटं बोलले, असं ठरणार. आणि गंमत म्हणजे आता मलाच वाटायला लागलंय... मी तेव्हा खरंच ते पाहिलं होतं ना?"

दशरथने मुठीत घेतलेली वाळू तशीच सांडू दिली.

"तुम्ही पाहिलं होतं," तो म्हणाला. "खोटं मी बोललो."

"काय?"

"पहिलं पोतं... आईने काढून दिलेली साल मी घरात ठेवली होती. आई जखमेचा लेप करते या सालीचा. तिला वाटलं लेपासाठीच ठेवलीय. तिने ती नेहमीसारखी ताडीच्या मडक्यात टाकून दिली. तीन दिवसांनी माझ्या लक्षात आलं. पुन्हा साल काढायची तर तीन वर्षांचा नेम, आणि दुसरी झाडं तेव्हा मला माहीत नव्हती. मग मी तीच मडक्यातून काढली, धुतली, वाळवली... आणि पाठवून दिली."

"आणि हे तुम्ही लिहिलं नाहीत."

"काय लिहिणार? व्यसनमुक्तीचा सचिव, आणि घरात ताडीचं मडकं! तेही मुंबईच्या साहेबांना. मला वाटलं, धुतल्यावर काय राहणार आहे... त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा सांगायला हवं होतं. पण तेव्हा तुम्ही साहेब राहिला नव्हता ना. तेव्हा तर जास्तच लाज वाटली."

वसुमती उठून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्याला दिसलं याचा तिला आणखी राग आला.

"ताडीचं काही नाही हो," ती म्हणाली. "ताडी माझ्या मामाकडेही असते. पण अकरा महिने, मास्तर! अकरा महिने मी रात्रंदिवस माझीच चूक शोधत होते."

ती निघून गेली. तो मागे आला नाही. येण्याचा हक्क आपण गमावला, इतकं त्याला कळत होतं.

पण रागावलेली असली तरी वसुमती रसायनशास्त्राची विद्यार्थिनी होती. रात्रभर डोक्यात एकच शब्द घोळत राहिला. ताडी. तीन दिवस. आंबलेली ताडी! सकाळच्या एसटीने ती एकटीच पाड्यावर गेली आणि थेट नवशीच्या अंगणात उभी राहिली.

"काय ग पोरी, आज मास्तर नाय बरोबर?"

"नाही. मला ते मडकं बघायचंय, आई. साल ताडीत का टाकता?"

नवशीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू भात का शिजवतात असं कुणी विचारलं होतं. "कच्च्या सालीने काय व्हायचं? कच्चा तांदूळ कोणी खातं काय? म्हातारी लय राखून असते ग. तिला ताडी पाजल्याबिगर ती तोंड उघडत नाय."

"हे कुणी शिकवलं?"

"माझ्या सासूने. तिला तिच्या सासूने. त्याच्या मागचं मना काय ठावं?"

वसुमती मडक्याशेजारी जमिनीवरच बसली. आंबट, उग्र वास येत होता. वर फेस, आत सालीचे तुकडे. आणि एकदम तिला सगळं दिसलं. झाडाने आपला कडक पदार्थ आपल्यालाच बाधू नये म्हणून त्याला साखरेचा एक तुकडा बांधून ठेवलेला असतो. ताडीतले आंबवणारे जीव साखरेला हपापलेले. त्यांनी तेवढी साखर अलगद सोडवून खाल्ली आणि बाकीच्याला हातही लावला नाही. प्रयोगशाळेत तेच आम्लाने तोडायला जावं तर सगळ्याचा चुरा होतो. कुठे एक तुकडा काढायचा, गाभ्याला धक्का न लावता... मुंबईत ज्यासाठी माणसं वर्षानुवर्षं डोकं फोडतात, ते इथे एका मडक्यात, कुठल्याशा सासूने कुठल्याशा सुनेला दाखवलेलं, मुकाट्याने चाललं होतं. या घराला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. आणि ती स्वतःसुद्धा महिनाभर याच अंगणातून साल घेऊन जात होती.

"मावशी नको, आईच म्हण हां," नवशी मध्येच म्हणाली. "मघाशी म्हणालीस ते बरं वाटलं."

तीन दिवस साल मडक्यात राहिली. चौथ्या दिवशी वसुमतीने पट्टी तयार केली. विज्ञानखोलीत ती होती, नवशी होती, आणि खिडकीबाहेर, आत यायचा धीर न होऊन, दशरथ उभा होता.

पट्टी बरणीत गेली. जांभळी वाफ हळूहळू वर सरकली. पहिला डाग उमटला. दुसरा. मग बराच वेळ काही नाही. आणि मग वर, पार वर, जिथे गेलं वर्षभर नुसता पांढरा लेप होता, तिथे काहीतरी पिवळसर जाणवलं, दाट झालं, तपकिरी झालं.

तिसरा डाग.

नवशी तोंडावर हात ठेवून बघत राहिली. "अगो बाय... कोण लिहितंय ते?"

"तुम्हीच," वसुमती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. नवशी त्या बरणीकडे बघून थक्क, वसुमती नवशीकडे बघून थक्क. डोळे पुसून ती खिडकीकडे वळली.

"मास्तर, आत या. बाहेर उभं राहून काही दिसत नाही."

तो आला. बरणीवर ओणवला आणि तसाच राहिला. "खरंच आहे," तो पुटपुटला. "तुम्ही काढून ठेवलं होतं अगदी तसंच."

"मी अजून रागावलेली आहे, बरं का."

"किती दिवस?"

"तीन तरी. आंबायला लागतात तेवढे."

मग तिने पिशवीतून कोरी लेबलं काढली. जुन्या लेबलावर रकाने पाच — झाड, जागा, भाग, तारीख, गोळा करणारा. तिने खाली स्वतःच्या हाताने सहावा आखला आणि त्यावर लिहिलं, 'आणखी काय केलं (लाज न बाळगता लिहावे).' दशरथने निळं पेन काढलं. 'आईने आंबलेल्या ताडीत तीन दिवस भिजवली,' त्याने त्याच्या गोल अक्षरात लिहिलं, खाली पूर्ण नाव घातलं, आणि क्षणभर थांबून नावापुढे लिहिलं — सचिव, व्यसनमुक्ती समिती.

"हे मुंबईत सगळे वाचतील," वसुमती म्हणाली.

"वाचू देत."

मार्चच्या एकोणतीस तारखेला पेशी पुन्हा मेल्या. तळपदेबाईंनी स्वतः मोजल्या, दोनदा. चहा ढवळणारा माणूस त्या दिवशी चहा न पिताच घरी गेला. खरं काम मात्र आता सुरू झालं. त्या पदार्थाला पाण्याशी जमवून घेणारा तुकडा जोडायला वसुमतीला आणखी दहा महिने लागले. आठ तुकडे बसेनात, एक बसला तर गाभाच मोडला. त्या दहा महिन्यांत, ताडी होती तोवर पोती येत राहिली, आणि पावसाळ्यात ताडी बंद झाली तेव्हा नुसतीच लेबलं येत राहिली. 'आणखी काय केलं' या रकान्यात कधी असायचं, 'मडक्याचा वास शाळेत गेला. समितीची तातडीची सभा. सचिवांनी खुलासा केला.' कधी, 'पळसाखालून एकट्याने गेलो. वाट लांब वाटली.' वसुमती ती लेबलं टेबलाच्या खणात ठेवायची आणि खण उगाचच दिवसातून चार वेळा उघडायची. सुट्टीत ती यायची, बोलणं व्हायचं, हसणं व्हायचं. पण जे बोलायचं ते दोघांच्याही ओठांवरून परत फिरायचं.

पंच्याण्णवच्या जानेवारीत ती डहाणू रोडला उतरली तेव्हा तिच्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेली, बोटाएवढी काचेची कुपी होती. घरी न जाता ती थेट पार्सल ऑफिसात शिरली. आणि काउंटरवर पोतं होतं, पोत्याशेजारी तो होता.

"बघा," तिने नमस्कारही न करता कुपी त्याच्या हातात दिली. "उजेडात धरा."

त्याने धरली. आत स्वच्छ पाणी. ना गढूळपणा, ना तळाशी कण.

"काहीच दिसत नाही."

"तेच तर! विरघळलंय. आणि पेशींवर अजून तसंच चालतं. म्हातारीची साल, आईंची ताडी आणि माझा एक तुकडा." तिने कुपीवर बोट टेकवलं. "आता उंदीर, मग वर्षानुवर्षं तपासण्या. औषध होईल की नाही, कुणी सांगू शकत नाही. बहुतेकांचं होत नाही. पण विरघळलं, मास्तर..."

दशरथ ती कुपी हातात धरून उभा राहिला. पाड्यावरचं झाड, आईचं मडकं, सगळं त्या पाण्यात होतं आणि पाणी मात्र आरपार दिसत होतं. देवापुढची वस्तू द्यावी तशी त्याने ती दोन्ही हातांनी तिला परत दिली.

चुरीबाबूंना कामाच्या वेळी असली हळवी दृश्यं पसंत नव्हती. त्यांनी पोतं काट्यावर ठेवलं, चष्मा लावला, आणि रजिस्टरमध्ये उतरवण्यासाठी लेबल नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचायला घेतलं. ते प्रत्येक लेबल मोठ्याने वाचतात, हे दशरथला गेल्या वर्षभरात चांगलं ठाऊक झालं होतं.

"झाड — म्हातारी. भाग — साल, उगवतीकडची. गोळा करणारा — द. वरठा. आणखी काय केलं — आंबल्या ताडीत तीन दिवस, उन्हात दोन दिवस. आणखी —"

ते थांबले. नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी एखादं लेबल पुन्हा, मनातल्या मनात वाचलं. मग घसा खाकरून, रेल्वेच्या नियमाप्रमाणे, पुढचंही मोठ्याने वाचलं.

"आणखी — गोळा करणाऱ्याचं मन गेल्या फेब्रुवारीपासून माल घेणाऱ्या बाईंपाशी आहे. हे आजवर कुठल्याही लेबलावर लिहिलं नव्हतं. लपवल्याबद्दल माफी असावी."

बाहेर एक मालगाडी धडधडत गेली. ती बरीच लांब होती.

"बाबा," वसुमती म्हणाली, "डिलिव्हरीचं रजिस्टर द्या."

"डिलिव्हरी मुंबईला असते."

"मी इथेच घेते."

तिने दशरथच्या खिशातलं लाल पेन काढून घेतलं. नावाच्या रकान्यात नाव लिहिलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं — 'माल लेबलाप्रमाणे मिळाला. तक्रार नाही.' मग पेन त्याच्या खिशाला परत लावताना तिचा हात तिथे जरा जास्त वेळ राहिला.

दशरथ पुन्हा एकदा कानापर्यंत लाल झाला होता. चुरीबाबूंनी मुलीची सही पाहिली, मुलीकडे पाहिलं, आणि शिक्का शाईच्या डबीवर नको इतका वेळ घासत बसले.

"वरठा," शेवटी ते म्हणाले, "तुमच्यात मागणी कशी घालतात?"

"मुलाकडचे येतात... मुलीच्या घरी." दशरथने खिशातली पेनं उगाच सारखी केली. "ताडी घेऊन."

"आणि तू सचिव."

"हो."

चुरीबाबूंनी शिक्का उचलला आणि धाडकन लेबलावर मारला.

"रविवारी ये आईला घेऊन. मडकंही आण. फक्त एसटीत त्या मावशींच्या पाटीशेजारी बसू नकोस."